नट अजून आवळायलो

गॅरेजात मला नावाने कुणी हाक मारत नाही. ‘करायलो’ म्हणतात. मी परभणीकडचा. आमच्याकडे ‘काम करतोय’ म्हणत नाहीत, ‘काम करायलो’ म्हणतात. लालबागला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी गाडीखाली आडवा होतो आणि मामांनी वरून विचारलं, “झालं काय रे?” मी आतून ओरडलो, “करायलो!” सगळं गॅरेज हसलं. “करायला गेलो का करून आलो? एक काय ते सांग की!” तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

मामा म्हणजे गॅरेजचे मालक. सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही. माणूस मालवणचा, वडील गिरणीत होते. मी नववीत शाळा सोडली. का सोडली ते सांगत बसत नाही, सोडली. या शहरात मला ओळखणारं कुणी नसताना मामांनी गॅरेजवरचा पोटमाळा दिला आणि हातात पाना दिला. मामी रोज दुपारी चाळीतून डबा पाठवतात. पहिल्या दिवसापासून माशाचे काटे काढून पाठवायच्या. मराठवाड्यातल्या पोराला काटे कळत नाहीत, घशात अडकून मरेल म्हणायच्या. अशा घराला उलट बोलायची माझी छाती नव्हती. आधीच स्वभाव भित्रा. शटरचं कुलूप लावून नाक्यापर्यंत गेलो की परत येतो, ओढून बघतो, पुन्हा जातो. मामा म्हणतात, “ओढून ओढून तूच तोडशील ते एक दिवस.”

तर ती गाडी. नायगावचे एक भाऊ आहेत, स्वतःची टुरिस्ट गाडी चालवतात, डिझेल, टर्बोवाली. ती तिसऱ्यांदा परत आली होती. सकाळी थंड गाडी चालू केली की बॉनेटखालून टकटक-टकटक, आणि जोर घटलेला. या वेळी आणखी एक गोष्ट होती. मागे बसलेल्या एक प्रवासी आजी म्हणाल्या होत्या, धुराचा वास येतोय, डोकं धरलंय.

कारण सगळ्यांना माहीत होतं. इंजिनातून निघणारा जळका धूर ज्या ओतीव लोखंडी तोंडातून बाहेर पडतो तो मॅनिफोल्ड. तो इंजिनाला नटांनी आवळलेला असतो. धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोही त्यालाच टांगलेला. ते नट ढिले झाले की फटीतून धूर टकटक करत निघतो, कडेला काजळी धरते. दोनदा हे झालं, आणि दोन्ही वेळेला आम्ही गाडी आल्या आल्या, गरमागरम असतानाच, जुनेच नट दात खाऊन आवळले आणि पाठवून दिली.

“मामा, उद्या सकाळी रत्नागिरीचं भाडं आहे,” भाऊ म्हणाले. “काहीतरी कायमचं करा यार. हिंदमातापासून लोक बघतायत माझ्याकडे, शिलाई मशीन घेऊन चाललोय वाटतं त्यांना.”

“कायमचंच करतो,” मामा म्हणाले. “नटावर वेल्डिंगचा टाका मारतो. बापजन्मात सुटायचा नाही. करायलो, समोरून वेल्डरला बोलाव.”

मी फडक्याला हात पुसत उभा राहिलो.

“जा ना मेल्या.”

“नाही म्हणलो,” माझ्या तोंडून गेलं.

“काय नाही?”

“टाका नाही मारायचा, मामा. पुन्हा कधी खोलायचं झालं तर नटाच्या आतला स्टड मोडून इंजिनाच्या डोक्यातच बसेल. आणि नट कामून सुटायलेत ते आपण बघितलंच नाही. गाडी गार होऊ द्या. मी खोलून बघतो.”

“तुका काय कळता? माझे केस ह्या गॅरेजात पांढरे झाले.”

“गार व्हायला दुपार होईल,” भाऊ कुरकुरले. “आणि मग तू करणार, म्हणजे करायलाच राहणार.”

“आजी मागे बसणार ना उद्यापण?” मी विचारलं. “का दुसरं कोणी?”

भाऊंनी गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली. माझी मान खाली होती, पण मी वेल्डरकडे गेलो नाही. मामांनीही त्याला हाक मारली नाही. शिव्या देत चहाला निघून गेले.

गाडी गार होईपर्यंत पोटमाळ्यावरची माझी पिशवी केवढी आहे, त्यात काय काय मावेल, हेच डोक्यात. तरी टॉर्च घेऊन खाली वाकलो. आणि टर्बोच्या खाली हात फिरवताना बोटांना एक रिकामं भोक लागलं, आटे असलेलं. शेजारी इंजिनाच्या अंगावर तसंच दुसरं. टर्बोला खालून आधार द्यायची एक लोखंडी पट्टी असते, दोन टोकांना बोल्ट. ती नव्हतीच. म्हणजे एवढा जड टर्बो नुसता मॅनिफोल्डला लोंबकळत होता. त्यात ते लोखंड रोज तापून फुगतं, निवून आकसतं. खड्डा आला की वरून हिसका. नट सुटणार नाही तर काय करणार?

आमच्याकडे एक रीत आहे. काम झाल्यावर बोल्ट उरला की मामा तो कपाळाला लावतात, “गाडीने प्रसाद दिला” म्हणतात आणि डब्यात टाकतात. सगळे हसतात, मीही हसायचो. पट्टीचे बोल्ट सापडतात का म्हणून मी प्रसादाचा डबा ओतला. मग भिंतीकडे बघितलं. खिळ्याला एक वाकडी पट्टी अडकवलेली होती, दोन टोकांना भोकं. आकडी म्हणून झक्कास. मामींचा डबा तिलाच लटकायचा. कितीतरी महिने मी त्याच पट्टीवरून डबा काढून जेवत होतो.

आजचा डबाही आलेला होता. मी तो उतरवून जमिनीवर ठेवला आणि पट्टी हातात घेतली. तेवढ्यात सकाळचे चहाला गेलेले मामा परतले. माझ्या हाताकडे बघितलं, जमिनीवरच्या डब्याकडे बघितलं.

“जेवलास?”

“नाही. ही त्या गाडीची आहे, मामा. टर्बोखालची.”

मामांना त्याच क्षणी आठवलं असावं. मागे कधीतरी टर्बो उतरवला तेव्हा खालचा बोल्ट हाताला येत नाही म्हणून पट्टी त्यांनीच बाहेर ठेवली होती. चेहरा लाल झाला. “माझ्या गॅरेजात मलाच दाखवतोस? मग तूच चालव गॅरेज!”

“चालवत नाही. पण टॉर्क पाना द्या.”

तो पाना पेटीत असतो. ठरलेल्या जोराला कट् वाजतो, म्हणजे हाताच्या मस्तीवर काम राहत नाही. आमच्याकडे तो दसऱ्याला बाहेर येतो, हळद-कुंकू लागतं, फूल लागतं आणि परत पेटीत जातो. मामांनी पेटी माझ्या पायाशी आपटली. म्हणजे दिला, असं मी धरलं.

रत्नागिरीचं भाडं भाऊंनी तोंड वाकडं करून मित्राला दिलं. मी मॅनिफोल्ड उतरवला, लोखंडी फूटपट्टी टेकवून त्याचं तोंड सपाट आहे ना बघितलं. मधली फट बंद करणारं नवीन गॅस्केट, नवीन लॉकनट, कारण जुन्यांची पकड एकदा उघडले की जाते. मधल्या नटापासून कडांकडे, थोडा थोडा जोर देत आवळलं. मग टर्बोखालची पट्टी आधी सैल बसवली, ओढाताण नाही असं बघून घट्ट केली. तो खालचा बोल्ट घालताना कोपर सोलून निघालं. मामांना तो का नको वाटला ते कळलं. तरी तो लावायचाच असतो.

गाडी परळला फिरवून आणली, गार होऊ दिली, पुन्हा पाना लावून बघितला. भाऊ वैतागले. “अरे झालं का नाही?”

“करायलो,” मी म्हणलो. या वेळी हसण्यावारी नेऊ दिलं नाही. “तुमच्या मुंबईत ‘केलं’ म्हणून मोकळे होता, दोनदा झालात. हे नट केलं म्हणून सोडायचे नसतात. आठ दिवस चालवा आणि परत आणा. गार गाडी आणा. मी बघायलो.”

मामा पाठमोरे उभे होते. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर, मरेपर्यंत राहतील. म्हणून मी काटे काढलेला मासा खाल्ला आणि आजही मान खाली घालून बोलतो. पण ते उपकार टर्बो खालून धरणार नाहीत. तिथे पट्टीच लागते.

दुसऱ्या दिवशी डबा आला. खिळ्याला आकडी नव्हती. मी डबा हातात घेऊन उभा.

“मामा, डबा कुठे लटकवू?”

“माझ्या डोक्यावर लटकव,” मामा म्हणाले. “लटकवायचं तू गाडीत बसवलंस ना? आता मांडीवर घेऊन जेव.”

मी मांडीवर घेऊन जेवलो. बांगडा होता, पहिल्यांदाच काट्यांसकट. आठ दिवसांनी भाऊ गाडी घेऊन आले. बॉनेटखाली टकटक नव्हती, कडेला काजळी नव्हती. तरी मी म्हणलो, गार होऊ द्या, आणि पेटी उघडली. मामांनी ओरडून विचारलं, आता कशाला?

एकेका नटाला पाना लावून कट् ऐकत गेलो.