थर्माकोलवरचा सोबती

जिममधल्या वल्ह्यांच्या यंत्रावर तीन महिने घाम गाळून मी स्वतःला दर्यावर्दी समजू लागलो. जालन्यात दर्या नाही, म्हणून हवा भरायची रबरी होडी घेऊन अंबडजवळच्या तलावात उतरलो. बायको काठावरून बघत होती. मध्यावर वारा सुटला आणि मी वल्हवतोय पुढे, तर होडी चाललीय मागे. हात गळाले.

तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावरून एक मासेमार आला. ओठात विझलेली विडी.

"दादा, दोरी बांधून ओढा हो!" मी रडकुंडीला आलो होतो.

"काठावर घरचे हायेत ना? मंग त्यांच्यासमोर ओढत कशाला न्यायचं? होडी वाऱ्याला तिरपी घ्या. तुमची पाठ काठाकडं, मी बघून राह्यलो समोर."

तो वाऱ्याच्या बाजूने माझ्या शेजारी राहिला. मी थांबलो की तोही थांबायचा आणि उगाच जाळं चाचपायचा.

काठाला लागल्यावर तो बायकोला म्हणाला, "लई वारा होता, वहिनी. सायेब सोबतीला होते म्हणून आलो."

नाव विचारायच्या आत तो पाण्यात परतलाही.

मी त्या मासेमाराला वाचवलं, असं बायको पाहुण्यांना अजून सांगते. त्याचे आभार मानायचे म्हणून मी दर वेळी खरं सांगतो. पाहुणे म्हणतात, "किती हा विनय!"