भाऊजींचं पोट आणि कुसुमचं स्थळ

आमच्या मोठ्या भाऊजींइतका पोटाचा विचार साऱ्या मुलुंडात कुणी केला नसेल, आणि पोटाला इतकं गोंधळात पाडणाराही दुसरा सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. कचेरीतल्या कुणीतरी त्यांना निसर्गोपचाराचं पुस्तक दिलं आणि आमच्या घराची घडी विस्कटली. साखर गेली, गूळ आला. रेशनवर बरा तांदूळ मिळायची मारामार, त्यात यांना हातसडीचाच हवा. सोमवारी लिंबू म्हणजे अमृत, तर गुरुवारी दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे त्यानेच रक्त बिघडायचं. मी आणि जाऊबाई शेगडीपुढे एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसायचो. फोडणी द्यायची की नाही विचारायला बाहेर जावं, तर हे पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधून आडवे. "शालू, तेल म्हणजे विष," डोळे न उघडता म्हणायचे. "मग भाजी कशात करू?" "तिच्याच रसात." आता दुधीचं ठीक आहे, पण सुरणाचा रस मी कुठून आणायचा? शिवाय मोरीत खिळ्याला एनिमाचं पांढरं भांडं लाल नळीसकट टांगलेलं. पोट साफ तर माणूस साफ, असं म्हणून ते त्याच्याकडे कौतुकाने बघत.

एवढं आम्ही निभावून नेलं असतं. पण त्यांच्या कुसुमला चोविसावं लागलं होतं, दोन स्थळं हातची गेली होती, आणि घाटकोपरची माणसं तिला बघायला यायची होती. जाऊबाईंनी पोहे काढले तर भाऊजींनी ते परत डब्यात ओतायला लावले. म्हणाले, "आपण खातो तेच त्यांना. खोटं दाखवून मुलगी द्यायची नाही." मग मुलाच्या आईपुढे अळणी मोड आलेले मूग आणि मधाचं पाणी गेलं. बाई बिचारी बराच वेळ चावत होती. मुलाचा मामा मोरीत हात धुवायला गेला तो उतरलेल्या चेहऱ्याने परत आला, आणि दहा मिनिटांत मंडळी उठली. दोन दिवसांनी निरोप: मुलगी चांगली आहे, पण घरात कसलंतरी मोठं दुखणं दिसतं.

कुसुमने लुगड्याची घडी घालून ठेवली. भाऊजी मात्र चक्रावले. "आपल्याइतकं निरोगी घर..." एवढंच म्हणत राहिले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. रविवारी कोट-टोपी घालून ते एकटेच घाटकोपरला गेले. संध्याकाळी आले, "जमलं" म्हणाले आणि पडून राहिले. दोन दिवस नुसतं गरम पाणी पीत होते. आम्हाला वाटलं, नवा काही उपास असेल.

लग्नाच्या पंगतीत विहीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या दिरांना कसलं हो दुखणं? त्या दिवशी आमच्याकडे दोन बशा पोहे, चार बटाटेवडे, वर श्रीखंड. म्हटलं, एवढं पचवतो त्याच्या घरात आजार कसला असणार?"

कुसुम सासरी गेल्यावर भाऊजी रिकाम्या मांडवात बसले होते. मी विचारलं, "वडे खाल्लेत तुम्ही?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चांगले होते गं. पण कुसुमला सांगू नकोस. तिला वाटेल, बापाने तिच्यापायी खाल्ले."

नाही सांगितलं. आता भाऊजी नाहीत. कुसुम माहेरी आली की मुलांना अभिमानाने सांगते, तुमचे आजोबा कधी कुणासाठी तेलाला शिवले नाहीत. मी मान डोलावते.