यानाला एक म्हैस हवी होती

बापू आमच्या फाटकाला म्हैस बांधायचे आणि उंबऱ्यावर बसून अंतराळात जायचे.

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर सांगितलंत, आजी, तुझ्या आवडत्या सायन्स फिक्शन मालिकांची आणि सिनेमांची यादी पाठव. वही घेऊन बसले, आकडे घातले, दोन नावं लिहिली आणि कंटाळून पेन ठेवलं. मला जी मालिका सगळ्यांत आवडली ती मी एकटीने पाहिलेलीच नाही. म्हणून यादीच्या जागी हे बापू.

बापू आमचे गवळी, कसबा बावड्याचे. तेव्हा कोल्हापुरात गवळी म्हैस दारात आणून समोर धार काढून देत. रविवारी सकाळी टीव्हीवर एक इंग्रजी मालिका लागायची. वाट चुकलेलं एक यान दर आठवड्याला पृथ्वीचा रस्ता शोधायचं. एकदा तांब्या माझ्या हातात देताना बापूंची नजर पडद्यावर गेली आणि ते तिथेच टेकले. पुढच्या रविवारपासून त्यांनी रतीबाचा क्रम बदलून आमचं घर शेवटी ठेवलं. आत मात्र कधी आले नाहीत. पायाला शेण हाय, म्हणायचे. तेवढ्या अर्ध्या तासात म्हैस माझी जास्वंद खायची.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे भाषांतर माझ्याकडे आलं. मी ते नीटनेटकं करायची, जरा जास्तच नीटनेटकं. यानावरचा म्हातारा डॉक्टर मेला तेव्हा मी सांगितलं की तो त्या ग्रहावर राहिला. बापूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, मेला की त्यो. त्या बाईचं तोंड बघा. मला इंग्रजी येत न्हाय, तोंड वाचाय येतंय." त्या दिवसापासून मी त्यांना जसं असेल तसंच सांगू लागले.

त्यांची मतं ठाम होती. परग्रहावरून कुणी आलं की तोफा डागणारे सिनेमे त्यांना पटत नसत. एवढ्या लांबनं पावणं आलंय, चहापाण्याचं कुणी इचारत न्हाय, असं म्हणून ते उठून जायचे. आणि यानातले लोक नकाशे, यंत्रं घेऊन भांडायला लागले की ठरलेलं वाक्य यायचं, "एक म्हस न्यायची की संगट. कुठंबी सोडा, सांजंला घरला येती." मी हसायची. त्यांचा धाकटा मुलगा वेल्डिंगच्या कामाला आखातात गेला होता आणि सुरुवातीला येणारी पत्रं पुढे थांबली होती, हे मला त्यांच्या थोरल्या सुनेकडून फार उशिरा कळलं. त्यानंतर त्या वाक्याला मला हसता आलं नाही.

आपल्याकडे टीव्हीवर ती मालिका मध्येच बंद झाली. शेवट दाखवलाच नाही. मग बापूंनी म्हशी विकल्या, घरोघरी पिशवीचं दूध आलं, तुमचे आजोबा गेले, तुमची आई परदेशी गेली. बापू मात्र दर दिवाळीला कुठून तरी चीक मिळवून खरवस घेऊन यायचे आणि उंबऱ्यावर टेकत विचारायचे, "पोचली का वो ती मानसं?" मी म्हणायची, माहीत नाही बापू.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही कुठून तरी तो शेवटचा भाग शोधून पाठवलात. मी आधी एकटीने पाहिला नाही. सुनेला फोन केला, ती बापूंना स्कूटरवरून घेऊन आली. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नव्हतं. आता ते कुणाचं तोंड वाचू शकणार नव्हते. मी सांगेन तेच खरं.

यान पोचलं. पण इकडे इतकी वर्षं लोटली होती की उतरलेल्यांना ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. "पोचली ती माणसं," एवढंच मी सांगितलं आणि थांबले. बापूंनी दोन्ही हात काठीवर ठेवले.

"वळखलं का कुणी?"

खोटं बोलायचं मनात आलं. मग वाटलं, आता या वयात पुन्हा ते नीटनेटकेपण नको.

"नाही बापू. फार वर्षं झाली होती."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग बापू म्हणाले, "कुणीतरी दारात बसाय पाहिजे हुतं."

त्या पावसाळ्यात बापू गेले. आखातातला मुलगा आला नाही. मी भेटायला गेले तेव्हा सुनेने सांगितलं, शेवटपर्यंत दिवसा दाराला कडी घालू देत नव्हते.

तुम्ही विचारता, आजी, आमच्याकडे रात्री वेळ असतो तेव्हा तुझी सकाळ असते, मग तू फोन का उचलत नाहीस? फोन आत असतो. मी सकाळी उंबऱ्यावर बसते. गुडघे दुखतात, उठायला भिंत धरावी लागते, पण बसते. जास्वंद आता फाटकाच्या वर गेली आहे. घर ओळखायला तुम्हाला ती खूण पुरेल. तुम्हाला मी ओळखेन.