हळदीच्या फटी

शेजारचे काका हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलतात. ते घरी आले की फरशीवर पिवळे पाय उमटायचे, अन् काकू दात घासायचा जुना ब्रश घेऊन फरशीच्या फटी घासत बसायच्या. "पाय झटकून काहून येत न्हाई हा माणूस!" असं माझ्याकडं बघून, पण काकांना ऐकू जाईल असं म्हणायच्या.

उन्हाळ्यात काकांची कंबर धरली, महिनाभर ते खाटेवरच होते. फटी पांढऱ्याशुभ्र झाल्या. तरी काकू घासायच्याच, गुमान.

काल काका पुन्हा कामावर गेले. संध्याकाळी काकूंनी हाक मारली, "ये, पाह्य, आले न् लगेच घाण केली!"

उंबऱ्यापासून मोरीपर्यंत पिवळे पाय. ब्रश कुठं दिसेना. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात काकू ओरडल्या, "बाजूनं ये, पुसून जातील!"