बसल्या

गुरुप्रसाद सुर्वे तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होता. खलाशी म्हणून चढला, बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम झाला. बोटीवर भोंगा वाजला की कोणी कुठल्या होडीपाशी उभं राहायचं, कोणी कोणाला मोजायचं, हे त्यानं शेकडो पोरांकडून घोटून घेतलं होतं. काजळी नदीकाठच्या स्वतःच्या घरात मात्र असलं काही ठरवावं, हे त्याच्या कधी मनातच आलं नाही. पाणी दरसाल अंगणापर्यंत येई आणि परत जाई.

त्या जुलैत तो सुट्टीवर होता. सकाळी पाणी अंगणात थांबलं नाही, पडवीत शिरलं. धाकटा भाऊ हर्षद बायकापोरांना गाडीत घालून वरच्या शाळेत सोडायला लागला. गुरुप्रसाद पोटमाळ्यावर तांदळाची पोती चढवत होता. वरूनच त्यानं विचारलं, "आईचं काय?"

"बसल्या," दीपाली, त्याची बायको, खालून म्हणाली आणि घाईनं बाहेर पडली.

आई गाडीत बसली, असं तो समजला. दीपालीला म्हणायचं होतं, आई तयार होऊन खाटेवर बसल्यात, त्यांना उचलून आणा. आईचा, काशीबाईंचा, खुबा मोडल्यापासून त्यांना आधाराशिवाय चालता येत नसे. मागच्या खोलीत त्या थांबून राहिल्या. गुरुप्रसादनं इन्व्हर्टरची बॅटरी स्कूटरवर पायांत ठेवली, दार ओढून घेतलं आणि चढ चढून शाळेत आला.

व्हरांड्यात बॅटरी उतरवत असताना दीपालीनं त्याच्या मागे पाहिलं. "आई कुठायत?"

 तो तसाच पळाला, मागोमाग हर्षद दोर घेऊन. रस्ता बुडाला होता. शेजारच्या आंब्याच्या बागेतून, गडग्याचे, दगडी कुंपणाचे, चिरे चाचपत दोघं मागल्या दाराशी पोचले. खोलीत पाणी कमरेला लागत होतं. काशीबाई खाटेवर उशीवर उशी रचून वर बसल्या होत्या, पातळ ओलं, औषधांची पिशवी गळ्यात. त्याला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "आलास? म्हटलं, बाकीचं आधी न्यायचं असेल."

त्यानं आईला पाठीवर घेतलं. हर्षदनं दोराचं टोक बागेतल्या कलमाला बांधून ठेवलं होतं, त्याला धरून तिघं बाहेर आली.

माणसं वाचली, घर चिखलानं भरलं.  भेटायला येईल त्याला काशीबाई कौतुकानं सांगत, माझ्या पोरानं मला पाण्यातनं पाठीवर आणलं हो. लोक त्याच्याकडे आदरानं बघत आणि तो उठून परसात जाई. हातात बॅटरीचं वजन त्याला अजून जाणवायचं.

पुढच्या साली मे महिन्यात त्यानं सगळ्यांना पडवीत बसवलं. आईला कोणी उचलायचं, पोरांना कोणी मोजायचं, गॅस कोणी बंद करायचा, ते ठरवलं. कागदपत्रं, टॉर्च, चणेगूळ, औषधं प्लास्टिकच्या डब्यात भरून दाराजवळ ठेवली. आणि कोरड्या उन्हात एकदा साऱ्यांना शाळेपर्यंत नेऊनही आणलं. पोरांना मजा वाटली. खुर्चीवरून नेताना काशीबाईही हसत होत्या.

परतल्यावर आई आणि तो दोघंच राहिली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "आई, त्या दिवशी तू गाडीत गेलीस असं समजून, खोलीत न बघताच मी निघून गेलो होतो. बाकीचं आधी नेऊन मग तुला न्यायला येणार होतो, असं नव्हतं."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "दार ओढल्याचा आवाज ऐकला मी."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली ना. पावसात ऐकू गेली नसेल तुला."

 काशीबाईंनी त्याला पाणी प्यायला सांगितलं आणि पाय दुखतायत, जरा तेल लाव म्हणाल्या. त्यानं वाटी आणली. त्या वर्षी त्यानं ऑगस्ट सरेपर्यंत बोट धरली नाही.