भोंगा झाला की बसणारा माणूस

भोंगा झाला की आम्ही सगळे उठायचो आणि अप्पा बसायचे. विमानाच्या पुढच्या चाकाला पिवळा रबरी ठोकळा लावलेला असतो ना, त्यावरच. मग सावकाश हातमोजे काढायचे, एकावर एक ठेवून मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी बघू. मग ढकला काय ढकलायचं ते."

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेलच, ज्याच्यापायी सगळ्यांना उशीर होतो. आमच्याकडे ते अप्पा होते.

आमचं हँगर पनवेलच्या पुढे. मोठी विमानं काही वर्षं उडली की आमच्याकडे येतात, आतून पार उघडली जातात आणि दुरुस्त होऊन परत जातात. मी शेलूची, अप्पा कशेळ्याच्या बाजूचे. ते जीपमध्ये कोंबून घेऊन कर्जतच्या चारफाट्याला यायचे आणि तिथून कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायचे. कापणीच्या दिवसांत त्यांच्या कॉलरमधून पेंढ्याच्या काड्या माझ्या डब्यावर पडायच्या. बसल्या बसल्या डोळा लागायचा त्यांचा. लोधिवली आली की आपोआप जागे व्हायचे आणि विचारायचे, "आपलं विमान कुठवर आलं गं?"

तेव्हा विमान खरंच आपलं असायचं. एका टोळीने एक विमान घ्यायचं आणि ते उडेपर्यंत सोडायचं नाही. मग मोटारींच्या कारखान्यातून नवे साहेब आले. त्यांनी हँगरमध्ये चार थांबे आखले. प्रत्येक थांब्यावर वेगळी टोळी, ठरलेलं काम, ठरलेला वेळ. भोंगा झाला की ट्रॅक्टरने विमान ओढून पुढच्या थांब्यावर न्यायचं. आम्ही दुसऱ्या थांब्यावर, प्रवाशांच्या पायाखालचे पत्रे उचलून खालचा सांगाडा कुठे गंजलाय का ते तपासणारे. काही राहिलं तर पुढचे करतील, असं ठरलं.

साहेब माणूस वाईट नव्हता, शांतपणे समजावून सांगायचा. पण त्याच्या कारखान्यात सगळ्या गाड्या कोऱ्या आणि एकसारख्या. आमच्याकडे येणारी विमानं म्हातारी. कुणी खारट हवेत उभं राहिलेलं, कुणी मासळीचे खोके वाहिलेलं, कुणाच्या पँट्रीतून वर्षानुवर्षं चहा गळलेला.

"साहेब, चार लेकी म्हायेरी आल्या तर चौघींचं दुखणं एकच असतं का?" अप्पांनी विचारलं.

"नसतं अप्पा. पण चौघींची परतीची गाडी ठरलेली असते."

"मग चुकंल गाडी," अप्पा म्हणाले, आणि साहेबही हसले.

हसू फार टिकलं नाही. एका विमानाचा मागचा कोपरा आमच्याकडून बघायचा राहिला. तिसऱ्या थांब्यावर खुर्च्या बसवणारे. त्यांच्याकडे ना आमची हत्यारं, ना सवड. त्यांनी वरून पत्रे टाकले, खुर्च्या ठोकल्या. शेवटच्या थांब्यावर कुणाला तरी आठवलं आणि बसवलेलं सगळं पुन्हा उचकटावं लागलं. कुणाला आठवलं नसतं तर ते विमान तसंच उडालं असतं. त्या दिवसापासून अप्पा ठोकळ्यावर बसायला लागले.

बहुतेक वेळा राहिलेलं बघून थोडक्यात भागायचं. पण एकदा पँट्रीच्या खालची जागा बघायची राहिली. तिथे पोचायचं तर अख्खी पँट्री काढायला हवी. भोंगा झाला. अप्पा बसले. ट्रॅक्टरवाला वैतागून म्हणाला, "अप्पा, उठा हो, मागे लाइन लागलीये." अप्पा हातमोज्यांची घडी नीट करत राहिले. साहेब आले, त्यांच्यावरचे साहेब आले, आवाज चढले. शेवटी पँट्री निघाली. चारही थांबे खोळंबले.

आणि खाली काही नव्हतं. सांगाडा लख्ख, अॅल्युमिनियमला गंज धरला की येते ती पांढरी भुकटी औषधालाही नाही.

"काय मिळालं, अप्पा?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"काय नाय, ह्ये कळलं. मगाशी त्ये बी म्हाईत नव्हतं."

माझ्या मते आमच्या हँगरमध्ये इतकं खरं वाक्य कुणी बोललं नाही. पण त्या महिन्याअखेर अप्पांचं कंत्राट वाढवलं नाही. गंज सापडला असता तर हार घातला असता. सापडला नाही म्हणून घरी पाठवलं. मला याचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

शेवटच्या दिवशी बसमध्ये मी रडवेली होऊन म्हटलं, "अप्पा, तिथे काहीतरी निघायला हवं होतं हो."

ते चिडले. माझ्यावर पहिल्यांदाच. "असं नको बोलूस गं. इमानाला रोग निघावा म्हणून बसत नाय मी. त्यात पोरंबाळं बसत्यात." चारफाट्याला उतरताना त्यांनी माझ्या डब्यावरची पेंढ्याची काडी उचलली आणि खिशात घातली.

आता बसमध्ये माझ्या शेजारी कुणीही बसतं. लोधिवली आली की मला उगाच वाटतं, कुणीतरी विचारील.

परवा आमच्या थांब्यावर एक विमान आलं. पुन्हा तेच, पँट्रीखालची जागा राहिलेली. भोंगा झाला. सगळे उठले. मी पुढच्या चाकापाशी गेले. नोकरी जाणार हे दिसत होतं. बसले. हातमोजे काढले, एकावर एक ठेवून मांडीवर घेतले.

साहेब धावत आले. "तुम्हीसुद्धा? अहो, काय सापडणार आहे तिथे?"

"माहीत नाही साहेब. म्हणूनच बसलेय."

साहेबांनी ट्रॅक्टरवाल्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ठोकळ्याकडे, आणि हात लांब करून ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं.