जिन्यावरची हाक

त्याच्या चित्रांतली माणसं पहिल्यापासूनच वाकडीतिकडी. गाल हिरवे, बोटं मुळांसारखी लांब. "असं कुणी दिसतं का हो?" बायको विचारायची. "दिसत नाही, आतून असतं," तो हसून म्हणायचा.

मग सत्ता पालटली आणि असली चित्रं काढणं गुन्हा ठरलं. मित्र परागंदा झाले. पोटासाठी तो सरकारी छापखान्यात पुढाऱ्यांचे गुळगुळीत चेहरे रंगवू लागला. घरी मात्र एक वही होती, बायकोने गोधड्यांच्या घडीत लपवलेली. ओळखीतल्या ज्याला ज्याला पकडून नेलं, त्याचा चेहरा तो तीत कोळशाने उतरवून ठेवी. बायकोचा जीव टांगणीला लागे, पण जाळून टाका, असं ती एकदाही म्हणाली नाही.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची मुलगी शाळेत शिकवायची. एका दुपारी शिपायांनी तिला जिन्यातच गाठलं. तिने कठडा घट्ट धरला आणि वर बघून हाक मारली, "काका!" तो दाराच्या फटीतून बघत होता. पाय जागचे हलले नाहीत. संध्याकाळी त्याने तिला वहीत काढलं: चेहराभर पसरलेलं तोंड, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा.

सात वर्षांनी राजवट कोसळली. मुलगी परत आली नाही. बायकोने न राहवून वहीचं सांगितलं, तशा शिंपीणबाई धापा टाकत वर आल्या. "झडतीत तिचे सगळे फोटो नेले हो. एवढं तरी बघू द्या."

त्याने पान उघडलं. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"एवढी घाबरली होती माझी पोर?"

"नाही वहिनी, माझा हातच वाकडा. सगळ्यांना असंच काढतो मी."

"नाही म्हणताय, म्हणजे तुम्ही होतात तिथे. काही बोलली का ती?"

त्याने पानाच्या कडेवरची कोळशाची पूड बोटाने पुसली. मग म्हणाला, "मला हाक मारली."

बाईंनी पान अलगद सोडवून घेतलं आणि त्या खाली गेल्या.

त्यांनी ते घरात, दारासमोरच्या भिंतीवर लावलं. दार दिवसभर सताड उघडं. जाता-येता त्याला तिथूनच जावं लागे.

"दुसरीकडे खोली बघू या का?" बायको म्हणाली.

"नको," तो म्हणाला.

आत बाई मशीन चालवत असायच्या. त्याची पावलं ऐकू आली, तरी मान वर करायच्या नाहीत.